स्टिअरिंग हलकं करणारा माणूस

मराठी विभागासाठी एखाद्या इंजिनिअरचं चरित्र लिहून दे असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा माझा पहिला विचार पळून जायचा होता. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. घरी मराठीच बोलतो, पण लिहायला बसलं की पेन अडखळतं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला माझा गोंधळ अजून मिटलेला नाही, म्हणून या लेखात बहुतेक संख्या आकड्यांत आहेत. मराठीच्या मॅडमनी माफ करावं.

दुसरी अडचण माणूस कुठला निवडायचा ही. विश्वेश्वरय्या, जे.आर.डी. आणि कलाम सर यांच्यावर आपल्या अंकात दरवर्षी लेख येतो. म्हणून मी फ्रान्सिस डेव्हिस निवडला. ऑटोमोबाइलवाल्यांना हे नाव माहीत असतं, किमान वायवाच्या आदल्या रात्री तरी. गाडीचं हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग खऱ्या अर्थाने चालवून दाखवणारा हा अमेरिकन इंजिनिअर. माझी त्याच्याशी ओळख मात्र वायवामुळे नाही झाली, आमच्या घरच्या पार्किंगमधल्या तेलाच्या डागामुळे झाली. त्यामुळे आधी डागाबद्दल सांगते.

बाबांची डिझेल गाडी माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. कामासाठी बाबांना आठवड्यातून दोनदा घाट उतरावा लागतो. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की पॉवर स्टिअरिंगच्या डबीतलं तेल खाली जातंय आणि वळण घेताना बॉनेटमधून कण्हल्यासारखा आवाज येतोय. गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, पंपावर हात फिरवला, हाताला तेल लागलं, आणि पंप गेला म्हणून सांगितलं. पंप बदलला. बिल बघून आई गप्प झाली, कारण तेवढ्यात माझी एका सेमिस्टरची मेस आरामात निघाली असती. आणि तीन आठवड्यांत तेल पुन्हा खाली!

इथे एक समजून घ्यायला हवं. पॉवर स्टिअरिंगचं तेल संपलं म्हणून चाकं वळायची थांबत नाहीत. स्टिअरिंग आणि चाकं यांची यांत्रिक जोडणी कायम असते. पण मदत निघून जाते, आणि ती सावकाश सांगून सवरून जाईलच असं नाही. घाटातल्या हेअरपिन वळणावर, समोरून एस.टी. येत असताना, स्टिअरिंग एकदम दगडासारखं झालं तर? शिवाय हे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर धूर होतो, आणि कधी कधी धुरावर थांबत नाही. त्यामुळे घरात हा विषय तेलाच्या खर्चाचा राहिला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर आईने टोमणा मारलाच, की मेकॅनिकलच्या थर्ड इयरची मुलगी घरात असून उपयोग काय. मी लगेच पुस्तकी उपाय केला. रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि सकाळी पाहिलं. दोन काळेभोर डाग, इंजिनच्या मागच्या टोकाखाली. लाल तेलाचा थेंबही नाही. पॉवर स्टिअरिंगमध्ये आम्ही भरत होतो ते तेल लाल. म्हणजे जे तेल कमी होत होतं ते गळत नव्हतं, आणि ज्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं ते इंजिन ऑइल गळत होतं. माझं डोकं चालेना.

कॉलेजला परत आल्यावर वर्कशॉपमधल्या मामांना विचारलं. त्यांनी मला एकच उलटा प्रश्न केला, की रात्रभर इंजिन चालू होतं का. मी अर्थातच नाही म्हटलं. मग बंद गाडीत ते तेल गळणार कसं, असं म्हणून ते लेथकडे वळले. आमच्या सरांनी ते ऐकलं आणि मला लायब्ररीत पाठवलं, डेव्हिसचा व्हॉल्व्ह नीट वाचून ये म्हणून.

फ्रान्सिस राइट डेव्हिसचा जन्म १८८७ सालचा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागातला. हार्वर्डमधून तो १९१० साली बाहेर पडला आणि बफेलो गावच्या पिअर्स-ॲरो कंपनीत लागला. ही त्या काळातली अतिशय श्रीमंती गाड्या बनवणारी कंपनी. मडगार्डमध्येच बसवलेले हेडलाइट ही त्यांची खूण होती, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यात त्यांच्या गाड्या असत. पण डेव्हिस या झगमगाटापासून लांब, ट्रकच्या विभागात होता. तिथे तो मुख्य इंजिनिअरच्या पदापर्यंत चढला.

त्या ट्रकची कल्पना करा. भरीव रबरी टायर, कित्येक टन माल, कच्चे रस्ते आणि ड्रायव्हरच्या हातात फक्त एक भलंमोठं चाक. स्टिअरिंग हलकं करायचा गिअरबॉक्सवाला मार्ग आपल्याला माहीतच आहे, रेशो वाढवा. पण रेशो वाढवला की तेवढंच वळण घ्यायला स्टिअरिंगचे जास्त फेरे मारावे लागतात, आणि अचानक कुणी आडवं आलं तर तेवढा वेळ मिळत नाही. रेशो कमी ठेवला तर खांदे भरून येतात, आणि खड्ड्यात चाक आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरून मनगटाला फटका देतं. या दोन्हींच्या मधला मार्ग नव्हता. पुढे १९२० च्या दशकात मोटारींना रुंद आणि कमी हवेचे बलून टायर आले, तेव्हा जागच्या जागी गाडी वळवणं हा साध्या मोटारवाल्यांनाही व्यायाम होऊन बसला.

दुसऱ्या कुठल्या तरी शक्तीची मदत घ्यायची ही कल्पना डेव्हिसची नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजावर १८६६-६७ च्या सुमारासच वाफेवर चालणारं स्टिअरिंग इंजिन बसलं होतं. १९०३ साली कोलंबिया नावाच्या ५ टनी ट्रकला चाकं वळवायला वेगळी विजेची मोटर लावली होती. म्हणजे इच्छा जुनीच. अडलं होतं ते असं काहीतरी करण्यात, की जे मोटारीत मावेल, ड्रायव्हरला रस्ता हाताला जाणवू देईल आणि महिन्याभरात गळायला लागणार नाही.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिसने नोकरी सोडली. चांगली चालू असलेली मोठ्या पदाची नोकरी, वय पस्तिशीचं. कॅम्पस प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हे वाक्य वाचणाऱ्यांच्या पोटात काय होत असेल ते मी समजू शकते. बोस्टनजवळच्या वॉल्थममध्ये त्याने छोटी वर्कशॉप थाटली. वॉल्थम हे घड्याळांचं गाव, अमेरिकेतल्या सर्वात प्रसिद्ध घड्याळ कारखान्यांपैकी एक तिथे होता. डेव्हिसने जोडीला घेतला जॉर्ज जेसप नावाचा कसबी टूलमेकर. इतिहासात डेव्हिसचं नाव मोठ्या अक्षरात येतं आणि जेसपचं लहान, पण कागदावरचं ड्रॉइंग धातूत उतरवायला ज्याचे हात लागले तो माणूस जेसप. आपल्या वर्कशॉपच्या मामांना हे वाक्य मी वाचून दाखवणार आहे.

आता मुख्य गोष्ट. डेव्हिसने तेलाचा दाब वापरायचं ठरवलं. त्या काळच्या हायड्रॉलिक यंत्रांची नेहमीची पद्धत अशी होती की पंपाने तेल दाबून साठवून ठेवायचं आणि पुढे व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. काम पडलं की व्हॉल्व्ह उघडायचा, दाबाखालचं तेल धावत येतं आणि पिस्टन ढकलतं. ऐकायला सोपं आहे. पण यात गोम अशी की काम असो नसो, सगळे पाइप, सगळी सीलं, सगळे जोड चोवीस तास दाबाखाली. आपल्या हॉस्टेलचे नळ आठवा. वरच्या टाकीचं पाणी रात्रभर वॉशरवर दाब देत असतं, आणि म्हणूनच रात्री अडीच वाजता सबमिशन लिहिताना ती टपटप ऐकू येते. हायड्रॉलिकमध्ये दाब टाकीपेक्षा कितीतरी पट जास्त. कारखान्यातल्या प्रेसखाली तेलाची थारोळी साचली तर माणूस पुसून जातो. मोटारीखाली रोज पुसायला कोण जाणार? त्यात त्या वेळची सीलं आजच्या सिंथेटिक रबराची नव्हती.

डेव्हिसने हा व्हॉल्व्ह चक्क उघडा ठेवला. एवढंच. पंप इंजिनवर सतत फिरतोय, तेल व्हॉल्व्हमधून सरळ वाहत परत टाकीत येतंय, कुठेही अडत नाही, म्हणून दाबही जवळजवळ नाही. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर जोर दिला की व्हॉल्व्ह किंचित सरकतो आणि एका बाजूची वाट अरुंद करतो. वाहतं तेल तिथे तुंबतं, दाब चढतो, आणि तो दाब पिस्टनच्या त्या बाजूला लागून चाकं वळायला मदत करतो. हात सैल सोडला की व्हॉल्व्ह मध्यावर येतो, दाब उतरतो, तेल पुन्हा आपलं फेऱ्या मारत राहतं. अंगणात झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की कसं होतं, तसंच. अंगठा काढला की पाइप पुन्हा शांत. हायड्रॉलिक्सच्या पुस्तकात यालाच ओपन सेंटर व्हॉल्व्ह म्हणतात. थर्ड इयरला हे चार मार्कांसाठी सगळ्यांनी लिहिलंय. मीही लिहिलंय. पण तो व्हॉल्व्ह उघडा का, हा प्रश्न पेपरात आला नव्हता आणि मलाही पडला नव्हता.

यातून आणखी दोन फायदे झाले. ड्रायव्हर जेवढा जोर लावेल तेवढी मदत वाढते, त्यामुळे सरळ रस्त्यावर हाताला रस्ता कळत राहतो. आणि इंजिन बंद पडलं तर मधला यांत्रिक धागा तुटत नाही, जड का होईना गाडी वळते.

आता माझ्या वर्तमानपत्राकडे परत येऊ. डेव्हिसच्या या पद्धतीत दाब फक्त दोन गोष्टी एकत्र असताना येतो, इंजिन चालू असताना आणि स्टिअरिंग फिरवलेलं असताना. मी रात्रभर गाडी बंद ठेवून दाबाची गळती शोधत होते! बंद गाडीतून गळेल ते फक्त उताराने येणारं तेल. डबीला तडा गेला असेल, किंवा परतीच्या पाइपची क्लिप पार सैल झाली असेल, तरच ते कागदावर दिसेल. पंपापासून व्हॉल्व्हपर्यंत जाणाऱ्या प्रेशर पाइपमधली बारीक चीर गाडी उभी असताना मिटलेली असते. स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं की त्याच पाइपमध्ये १,००० पी.एस.आय.च्याही वर दाब जाऊ शकतो, तेव्हा ती उघडते. त्या वेळी गाडी रस्त्यावर असते आणि थेंब रस्त्यावर पडतात.

पुढच्या शनिवारी मी घरी गेले ती कॉटन वेस्टचं बोचकं घेऊनच. पहिलं काम पुसायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या गाडीखाली दहा वर्षांची चिकट काजळी असते, त्यात आजचं तेल कुठलं आणि गेल्या वर्षीचं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. इंजिन थंड असताना पंप, पाइप, डबी आणि खाली स्टिअरिंग रॅक असं सगळं डिग्रीझरने साफ केलं. मग पांढऱ्या कागदावर एक थेंब इंजिनच्या डिपस्टिकचा आणि शेजारी एक थेंब स्टिअरिंगच्या डबीतला असे नमुने करून ठेवले. रंगावर आंधळा विश्वास ठेवू नये. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगला लाल तेल असतं, पण काहींत पिवळसरही असतं, आणि लाल तेलसुद्धा जुनं झालं की करपट तपकिरी होतं. डिझेल इंजिनचं ऑइल तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं. आपल्याच गाडीचे नमुने शेजारी असले की तुलना सोपी जाते. आणि एक साधा हिशोब: इंजिन थोडं ऑइल जाळूही शकतं, पण स्टिअरिंगचं तेल बंद फेरीत फिरतं, ते कुठेच खर्च होत नाही. डबीतली पातळी उतरली म्हणजे ते कुठून तरी बाहेर गेलंच.

मग बाबांना ड्रायव्हर सीटवर बसवलं. हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या, मी केस बांधले आणि ओढणी घरात ठेवून आले, कारण पंखा आणि बेल्ट कुणाचाच मुलाहिजा ठेवत नाहीत. इंजिन चालू. बाबांनी स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत नेलं, दोन-तीन सेकंद धरलं, परत आणलं, मग उजवीकडे. टोकाला जास्त वेळ धरून ठेवायचं नाही, पंप तापतो. मी टॉर्च घेऊन बघत होते. गळती हाताने चाचपायची नाही हे मामांनी बजावलं होतं, दाबाखालचं बारीक कारंजं कातडीत घुसू शकतं. मी पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरला होता.

तिसऱ्या फेरीला पुठ्ठ्यावर लाल शिंतोडे आले. प्रेशर पाइपचा रबरी भाग जिथे धातूच्या कॉलरमध्ये दाबून बसवलेला असतो, त्या जोडावरून. तिथून तेल उडत होतं थेट पंपाच्या अंगावर, आणि पंपावरून ओघळून खाली. म्हणजे पंप ओला होता हे गॅरेजवाल्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्याने ओला भाग पाहिला, तेल कुठून येतंय ते पाहिलं नाही. तेल खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून ओल्या भागातली सर्वात वरची आणि सर्वात पुढची जागा शोधायची असते. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, मीही रात्रभर कागद अंथरून झोपलेच होते.

त्याच बैठकीत रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूटही दाबून पाहिले. रॅकच्या आतलं सील गेलं तर तेल या बुटात साठत जातं आणि बाहेर बरेच दिवस काहीच दिसत नाही. बूट भरल्यासारखा, लिबलिबीत लागला तर समजावं. आमचे कोरडे होते. आणि कण्हण्याचा आवाज? पातळी उतरली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, डबीत फेस दिसतो, तोच आवाज. डबीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपची क्लिप सैल असली तर एक थेंबही न गळता नुसती हवा आत जाऊ शकते, हे मला आधी पटतच नव्हतं. ती बाजू ओढीची, दाबाची नव्हे.

पाइप बदलला. पंपाच्या बिलाच्या तुलनेत तो खर्च सांगायलाही लाज वाटते.

हे सगळं ज्याच्या उघड्या व्हॉल्व्हमुळे समजलं, त्या डेव्हिसचं पुढे काय झालं? मला वाटलं होतं इतकी सुंदर कल्पना, म्हणजे दुसऱ्या वर्षीच जगभर स्टिअरिंग हलकी झाली असतील. तसं अजिबात झालं नाही.

त्याने आणि जेसपने ही यंत्रणा १९२१ सालच्या एका पिअर्स-ॲरो गाडीवर बसवली. ऑक्टोबर १९२६ मध्ये ते गाडी घेऊन डेट्रॉइटला पोचले, जनरल मोटर्सच्या लोकांना दाखवायला. एवढी अवजड गाडी सहज वळते आहे हे पाहून कंपनीने करार केला. पेटंटचा अर्ज १९२६ चा, ते मिळालं १९३१ साली. डेव्हिस कंपनीच्या इंजिनिअरांबरोबर कामाला लागला आणि कॅडिलॅकवर हे बसणार असं ठरत आलं.

तेवढ्यात जागतिक मंदी आली. कॅडिलॅकचा खप कोसळला. अशा वस्तूचा खर्च नगामागे कमी व्हायला ती हजारोंनी बनवावी लागते, आणि महागड्या गाड्या हजारोंनी विकल्या जात नव्हत्या. स्वस्त गाडीवर बसवायला यंत्रणा महाग. १९३४ साली जनरल मोटर्सने हात काढून घेतला. आठ वर्षं गेली. यंत्रात खोट नव्हती, हिशोब जमत नव्हता. आपल्याला कॉस्टिंगचा पेपर कशाला असतो असं मीही म्हणायचे.

१९३६ साली डेव्हिसने बेंडिक्स कंपनीशी नवा करार केला. पुढच्या तीन वर्षांत हातावर मोजता येतील इतकेच नग तयार होऊन गेले. त्यातले दोन प्रयोगासाठी जनरल मोटर्सनेच घेतले, ब्युइक गाड्यांवर. पुन्हा आशा वाटू लागली, आणि दुसऱ्या महायुद्धाने मोटारींचं उत्पादन थांबवलं.

पण या वेळी युद्धानेच दार उघडलं. चिलखती गाडीचं वजन हा विषय सवलतीचा नसतो. शेवरोलेने ब्रिटिश सैन्यासाठी स्टॅगहाउंड नावाची चिलखती गाडी बनवली, १३ टनांहून जड, दोन इंजिनांची. ती नुसत्या हाताच्या जोरावर वळवणं कठीण होतं, तिला पॉवर स्टिअरिंग होतं. श्रीमंतांच्या गाड्यांसाठी केलेलं यंत्र आधी सैनिकांच्या हातात गेलं. माळावर, चिखलात, उन्हात, कुणी लाड करणारं नसताना ते टिकतं की नाही याची परीक्षा तिथे झाली.

युद्ध संपलं आणि एक वेगळंच घड्याळ संपत आलं. अमेरिकेत तेव्हा पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं टिकायचं. १९३१ मध्ये १७ मिळवा. १९४८ साली डेव्हिसचं ते मूळ पेटंट संपलं आणि ती कल्पना सगळ्यांची झाली. तीन वर्षांनी, १९५१ साली, क्रायस्लरने इंपीरियल गाडीवर हायड्रागाइड या नावाने पॉवर स्टिअरिंग विकायला आणलं. सामान्य गिऱ्हाइकाला शोरूममध्ये जाऊन पैसे देऊन मिळालेलं हे पहिलं पॉवर स्टिअरिंग, आणि ते डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांवर उभं होतं.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. ज्या वर्षी तो ६४ वर्षांचा झाला, त्या वर्षी जग त्याची वस्तू विकत घ्यायला लागलं, आणि तेही दुसऱ्याच कंपनीकडून. क्रायस्लरने कायदा मोडला नाही. पेटंटची मुदत असते ती याचसाठी, नाहीतर एकेका कल्पनेवर एकेका घराण्याची मालकी राहील. तरीही मला राग आला, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. मशीन डिझाइनच्या तासाला आम्ही यावर वाद घातला. अर्ध्या वर्गाचं म्हणणं पडलं की दोष मंदीचा आणि युद्धाचा. माझं म्हणणं, जनरल मोटर्सकडे १९२६ पासून ही वस्तू होती, त्यांनी थोडी कळ सोसायला हवी होती. सर म्हणाले की मंदीतल्या कंपनीचा ताळेबंद एकदा उघडून बघ आणि मग बोल. बघायचा आहे.

क्रायस्लरची गाडी बाजारात आल्यावर मात्र जनरल मोटर्सला जाग आली. ते पुन्हा डेव्हिसकडे, त्याच्याच डिझाइनकडे वळले, आणि १९५२ च्या कॅडिलॅकवर पॉवर स्टिअरिंग आलं. डेट्रॉइटच्या त्या प्रात्यक्षिकानंतर २६ वर्षांनी. यानंतर गोष्टी वेगाने घडल्या. अमेरिकेतल्या अवजड गाड्यांत ते भराभर पसरलं, मग ट्रक, बस, ट्रॅक्टर. आपल्याकडच्या मोटारींत ते सर्रास दिसायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. त्याआधी आपले काका-मामा स्टिअरिंगशी कुस्तीच खेळत होते.

डेव्हिस १९७८ साली गेला, नव्वदीत. आपली कल्पना फसली नाही हे पाहायला त्याला भरपूर आयुष्य मिळालं.

आता नव्या मोटारींत बहुतेक ठिकाणी विजेचं स्टिअरिंग आलंय. छोटी मोटर मदत करते, तेल नाही, पंप नाही, गळती नाही. त्या १९०३ च्या ट्रकची कल्पना इतक्या वर्षांनी फिरून आली म्हणायची. पण आपली कॉलेजची बस, मागून येणारा ट्रक आणि रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्या अजून त्या उघड्या व्हॉल्व्हवर चालतात. बॉनेट उघडून डबीचं झाकण काढा, डेव्हिसचं तेल आत फिरताना दिसेल.

बाबांची गाडी आता घाट उतरते आणि लाल तेलाची पातळी खुणेवर आहे, दर रविवारी आई स्वतः बघते. राहिले ते वर्तमानपत्रावरचे दोन काळे डाग. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ते पडतात, म्हणजे क्रँकचं मागचं सील असावं. पण टॅपेट कव्हरच्या गॅसकेटमधून निघालेलं ऑइलही मागच्या बाजूने ओघळत नेमकं तिथेच येतं, आणि ते गॅसकेट स्वस्त आहे, तर मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेव्हा या वेळी आधी पुसायचं, मग वरून खाली बघत यायचं. परीक्षा संपल्यावर. कॉटन वेस्ट उरलं आहे.